बाईंना विचारा : नॉर्म म्हणजे नक्की काय?

प्रश्न : बाई, नमस्कार. इचलकरंजीत माझे थोडे यंत्रमाग आहेत. गेल्या महिन्यात घरात एकच शब्द चौघांच्या तोंडून ऐकला. मुलगा अभियांत्रिकीला आहे, तो ‘व्हेक्टरचा नॉर्म’ काढत बसतो. मुलगी बुद्धिबळ खेळते, तिला ‘नॉर्म मिळवायचाय’. बायको शाळेत शिकवते, ती म्हणते, ‘नॉर्मप्रमाणे एक शिक्षक कमी होणार.’ आणि आईच्या रक्ताच्या रिपोर्टात एक आकडा ‘नॉर्मल’च्या बाहेर आला, तर ती दोन रात्री झोपली नाही. हा शब्द एकच आहे की चार?

उत्तर : मूळ एकच आहे, आणि ते माझ्या माहेरच्या पडवीत खुंटीला टांगलेलं असायचं. माझे वडील सुतार. कराडजवळच्या आमच्या गावात निम्म्या घरांच्या चौकटी त्यांच्या हातच्या. चौकट ठोकण्याआधी ते कोपऱ्यात गुण्या लावून बघायचे. चौकट गुण्यात नसेल, तर दार कितीही सुबक असो, वडील ती चौकट पुन्हा खोलायचे. काटकोन तपासायच्या त्या गुण्याला लॅटिनमध्ये ‘नॉर्मा’ म्हणत. ‘नॉर्मल’ म्हणजे मुळात गुण्यात असलेलं. मी शाळेत तीस वर्षं आरशावरची स्तंभिका शिकवली, तिला इंग्रजीत आजही ‘नॉर्मल’च म्हणतात. ‘नेहमीसारखं’ हा अर्थ पुष्कळ उशिरा, एकोणिसाव्या शतकात रुळला.

आता तुमच्या मुलाचा नॉर्म. गवंडी जोत्याचा कोपरा गुण्यात आणायला काय करतो, ते तुम्ही पाहिलं असेल. एका बाजूला ३ फुटांवर खूण, दुसरीला ४ फुटांवर, आणि दोन खुणांमधली दोरी बरोबर ५ फूट भरली पाहिजे. तुमचा मुलगा (३, ४) या व्हेक्टरचा, म्हणजे ३ आडवं आणि ४ उभं जाणाऱ्या बाणाचा, नॉर्म काढतो तेव्हा उत्तर हेच येतं : ९ अधिक १६, त्याचं वर्गमूळ ५. पण त्याला एकदा विचारा, ‘कुठला नॉर्म?’ पेठेतल्या काटकोनी गल्ल्यांतून जायचं असेल तर ३ आणि ४ मिळून ७ चालावं लागतं. तो दुसरा नॉर्म. बुद्धिबळातल्या राजाला तीन घरं आडवं आणि चार घरं उभं जायचं असेल तर चारच चाली पुरतात, कारण तो तिरकाही चालतो. तो तिसरा. पोलंडचे गणिती स्टेफान बानाख यांनी १९२२ साली छापून आलेल्या प्रबंधात नॉर्मच्या अटी मांडल्या : शून्य लांबी फक्त शून्याची, व्हेक्टर दुप्पट केला की नॉर्म दुप्पट, आणि वळसा घालून गेलेली वाट सरळ वाटेपेक्षा कमी भरत नाही. एवढं पाळणारं कुठलंही माप नॉर्म. ३ + ४आय या संमिश्र संख्येचा नॉर्म तर संख्या सिद्धांतात २५ धरतात, तिथं वर्गमूळच घेत नाहीत. म्हणजे एकट्या गणितातसुद्धा नॉर्म किती ते सांगण्याआधी कोणता ते सांगावं लागतं. हे मी मुलांना फळ्यावर चारही उत्तरं शेजारी शेजारी लिहून दाखवायचे, आणि वर्ग एकदम जागा व्हायचा.

तुमच्या लेकीचा नॉर्म म्हणजे पार करायची पायरी. ग्रँडमास्टर व्हायचं तर साधारण तीन नॉर्म लागतात. प्रत्येक वेळी नऊ किंवा जास्त डावांत २६०० रेटिंगच्या तोडीचा खेळ करावा लागतो, समोरच्या खेळाडूंत किताबवाले पुरेसे असावे लागतात, आणि स्वतःचं रेटिंग कधीतरी २५००ला पोचावं लागतं. पण तिला नागपूरच्या दिव्या देशमुखांचंही सांगा. जुलै २०२५मध्ये त्या जॉर्जियातल्या बाटुमीला महिला विश्वचषक खेळायला गेल्या तेव्हा ग्रँडमास्टरचा एकही नॉर्म त्यांच्या नावावर नव्हता. विजेतीला थेट किताब मिळतो. त्या जिंकल्या आणि भारताच्या ८८व्या ग्रँडमास्टर झाल्या.

तुमच्या घरच्या शिक्षिकेचा नॉर्म शिक्षण हक्क कायद्यातून येतो. २००९च्या या कायद्यात पहिली ते पाचवीला तीस मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण आहे. संच मान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक याची सरकारी मंजुरी, आली की पट मोजला जातो, आणि दोन मुलं कमी भरली तर एक माणूस ‘अतिरिक्त’ ठरतो. हा निकष माणसांनी ठरवलेला आहे आणि माणसांना तो बदलता येतो. त्याला निसर्गनियम समजून गप्प बसायचं कारण नाही, हे मी संघटनेच्या बैठकीतही बोलत आले.

आईंच्या रिपोर्टाकडे येते, कारण मला वाटतं पत्र खरं त्यासाठीच आहे. रिपोर्टात आकड्याशेजारी जी मर्यादा छापतात, ती बऱ्याच चाचण्यांत अशी काढतात : पुष्कळ निरोगी माणसांचं रक्त तपासायचं, आणि मधल्या ९५ टक्क्यांचे आकडे जिथं पडतील तेवढा पट्टा ठरवायचा. म्हणजे धडधाकट माणसांतही वीसामागे एकाचा आकडा बाहेर पडणारच, आणि वीस चाचण्या एकदम केल्या तर एखादा बाहेर निघणं अगदी साहजिक आहे. सगळ्या मर्यादा मात्र अशा नसतात. उपाशीपोटीची साखर १२६ किंवा जास्त म्हणजे मधुमेह, ही रेषा बहुसंख्यांना काय आहे यावरून नाही, कशानं अपाय होतो यावरून आखली आहे. आईंचा आकडा कुठल्या जातीचा आहे ते डॉक्टरांना विचारा. विचारल्याशिवाय रात्र जागून काढू देऊ नका.

हाच फरक पावसातही आहे. जून ते सप्टेंबर देशात सरासरी ८७ सेंटीमीटर पाऊस पडतो, १९७१ ते २०२० या पन्नास वर्षांवरून काढलेली ही सरासरी. तिच्या ९६ ते १०४ टक्के पडला की हवामान खातं वर्षाला ‘नॉर्मल’ म्हणतं. ते देशाचं वर्ष झालं. साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यातल्या शेतकऱ्याचं रान त्याच वर्षी कोरडं राहू शकतं.

‘बहुतेकांचं असं असतं’ यावरून ‘असंच असलं पाहिजे’ यावर आपण इतक्या सहज घसरतो की कळतही नाही. माझा धाकटा भाऊ डावरा. शाळेत तो पाटीवर डाव्या हातानं लिहायला लागला की हातावर पट्टी बसायची. दहा माणसांत साधारण एक डावरा असतो. तो थोड्यांतला होता, एवढाच त्याचा गुन्हा. दुसरीत असताना त्यानं बोलणं कमी केलं, ते मला अजून आठवतं. वडिलांनी त्याला रंधा दिला तो डाव्याच हातात, आणि गुण्या लावून बघितलं तर फळी गुण्यात होती. बाळंतिणीला ‘सिझर की नॉर्मल?’ असं विचारतात तेव्हाही मला तोच भाऊ दिसतो. पोटावर टाके घेऊन पडलेल्या बाईनं त्या प्रश्नातून काय ऐकायचं? मी ‘बाळ-बाळंतीण कशी आहेत?’ एवढंच विचारते.

प्रश्न : मग नॉर्मला मराठीत एक शब्द सुचवाल का?

उत्तर : एक नाही सुचवणार. शाळेच्या नॉर्मला ‘निकष’ म्हणा. निकष म्हणजे मुळात सोनं घासून बघायचा कसोटीचा दगड. तिकडे सुताराचं हत्यार शब्दात गेलं, आपल्याकडे सोनाराचं. समाजाच्या नॉर्मला ‘रूढी’, ‘प्रघात’ किंवा ‘शिरस्ता’ आहेतच, आणि तिन्हींची छटा वेगळी आहे. पावसाला ‘सरासरी’, रिपोर्टाला ‘संदर्भ मर्यादा’. व्हेक्टरचा आणि बुद्धिबळाचा नॉर्म तसाच राहू द्या, मुलांच्या तोंडी तो बसलेला आहे.