सातवी-आठवीचा सांधा सांभाळा, मॅडम

मॅडम, बीड जिल्ह्यात सहावी ते आठवीवर नेमणूक मिळाली म्हणता, तर आधी एक घोळ सोडवून घ्या. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवी प्राथमिक अन् सहावी ते आठवी उच्च प्राथमिक. पण आपल्याकडं बऱ्याच गावांत अजून जुनीच घडी आहे: चौथी नाहीतर सातवीपर्यंत जिल्हा परिषद, आठवीपासून संस्थेचं हायस्कूल. म्हणजे आठवीचं पोरगं कायद्यानं उच्च प्राथमिक, बसतं मात्र हायस्कुलात. पोरं गळतात ती याच सांध्यावर. दाखला हातात दिला की सुटलो, असं करू नका. पुढच्या शाळेत नाव लागलं का, ते स्वतः फोन करून विचारा.

वर्षाचे २२० दिवस शाळा, विषयवार शिक्षक, हे नियम जीआरमध्ये सापडतील.

खरी कसोटी दिवाळीच्या आसपास. ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पोराबाळांसह साखर कारखान्याला निघाल्या की वर्ग निम्मा. माझ्या सातवीतली एक पोरगी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांड्यांच्या गोणीवर बसून गेली, मांडीवर गणिताचं पुस्तक. मी नुसता हात हलवत राहिलो; अजून लाज वाटते. आता दसऱ्याआधीच घरोघरी फिरतो. घरी आजी राहणार का बघतो, नसेल तर हंगामी वसतिगृहासाठी मागं लागतो. "पोरगी कुणाच्या भरवशावर ठेवू, सर?" असं आई विचारते, तेव्हा मात्र जीआर कामाला येत नाही.

अन् हो, पाचवी-आठवीला आता वार्षिक परीक्षा पास व्हावीच लागते, नापासांना फेरपरीक्षा. पालक अजून ढकलपासच्याच भरवशावर आहेत. जूनमध्येच सांगून टाका.