पहिल्यांदा सप्ताहाला बसताय ना, मग हे वाचा

दादा, पारायणाला बसणार ऐकून लय बरं वाटलं. मी बरीच वर्षं गावच्या सप्ताहात बसतोय म्हणून सांगतो, ज्ञानेश्वरी ९ हजार ओव्यांची, म्हणजे ७ दिवसांत रोज साधारण १३०० ओव्या होतात, पहिल्या दिवशी जोरात वाचून घसा बसवू नका, कारण १८वा अध्याय एकटाच १८०० च्या वर आहे आणि तो शेवटी येतो. चाल धरा, व्यासपीठावरच्या महाराजांच्या मागं जायचं, पुढं पळायचं नाही.

काकड्याला पहाटे थंडी जाम असते, कानटोपी आणि बसायला जाड घोंगडी हवीच, सतरंजीतून गारवा वर येतो.

आता पहाऱ्याचं, म्हणजे रात्रंदिवस पाळीपाळीनं वीणा गळ्यात घेऊन उभं राहण्याचं. रात्री २ ते ४ चा पहारा मागून घ्या, खरंच. मंडपात चार-पाच माणसं, एक टाळ, आणि वीणा गळ्यात. वीणा खाली टेकवायची नाही, पुढचा माणूस समोर आला की आधी एकमेकांच्या पाया पडायचं, मग आपल्या गळ्यातली थेट त्याच्या गळ्यात. पहिल्यांदा माझे हात थरथरले होते.

हरिपाठ चुकवू नका. काल्याच्या, म्हणजे शेवटच्या दिवशी जेवायला बसण्याआधी वाढायला उभे राहा, बादली घ्या आमटीची.