वाचकांचे प्रश्न : शेफील्डचं पोलाद

प्रश्न : जुन्या वस्तऱ्यांवर ‘शेफील्ड, कास्ट स्टील’ अशी अक्षरं दिसतात. ओतीव असूनही हे पोलाद बिडासारखं ठिसूळ कसं नव्हतं?

उत्तर : बिडात कार्बन तीन-चार टक्के असतो, म्हणून ते आपटलं की फुटतं. या पोलादात तो साधारण एक टक्का. ‘कास्ट’ म्हणजे इथे मुशीत वितळवून ओतलेलं, एवढंच. आधी स्वीडनच्या लोखंडाच्या पट्ट्या लोणारी कोळशात पुरून आठवडाभर तापवत. कार्बन वरून आत मुरायचा, त्यामुळे पट्टी बाहेरून कडक आणि गाभ्यात मऊ राहायची. घड्याळजी बेंजामिन हंट्समनला स्प्रिंगसाठी असलं पोलाद चालेना. १७४०च्या दशकात त्याने इंग्लंडमधल्या शेफील्ड गावाजवळ याच पट्ट्यांचे तुकडे मुशीत घालून पूर्ण वितळवले आणि कार्बन सगळीकडे सारखा झाला. गावातल्या सुरीवाल्यांनी मात्र फार कडक म्हणून नाकं मुरडली. फ्रेंचांनी ते आनंदाने घेतलं.

खरी गोम मुशीत होती. तिची माती अनवाणी पायांनी तासन्‌तास तुडवत, कारण बारीक खडा किंवा हवेचा फुगा तळपायाला लगेच कळतो. तो राहिला तर मूस भट्टीत तडकायची आणि वीस-पंचवीस किलो पोलाद खालच्या कोकमध्ये (भाजलेल्या दगडी कोळशात) जायचं. तापलेली मूस गार झाली की चिरते, म्हणून एकाच दिवसात तिच्यातून लागोपाठ तीन घाणे काढत. दर घाण्याला माल थोडा कमी भरत. वर तरंगणारी मळी एकाच रेषेवर माती खाते. माल कमी केला की ती रेषा खाली सरकते.

वितळल्यावर घाई केली तर पोलादात वायूची भोकं पडत. म्हणून ते उकळायचं थांबेपर्यंत, अर्धा तास तरी, भट्टीतच ठेवत. ओततानाही धार साच्याच्या भिंतीला लागू देत नसत.

प्रश्न : स्टेनलेसच्या सुरीला सुरुवातीला ‘न कापणारी सुरी’ म्हणत, ते का?

उत्तर : हॅरी ब्रिअर्लीने १९१३ साली शेफील्डमध्ये बंदुकीच्या नळ्या झिजू नयेत म्हणून सुमारे १३ टक्के क्रोमियमचं पोलाद बनवलं. सुरीवाले त्याला नेहमीच्याच आचेवर, म्हणजे ८०० अंश सेल्सिअसच्या आसपास, पाणी देत (तापवून एकदम थंड करत, म्हणजे पातं कडक होतं). याला हजाराच्या घरात तापवावं लागतं. तेवढं न तापवल्याने पातं मऊ राहायचं आणि धार टिकत नसे.