फंड निवडण्याआधी समभाग-रोख्यांचे प्रमाण ठरवा

आपण कळवले आहे की, आपले वय 42 असून सगळी बचत सात सक्रिय इक्विटी फंडांत (ज्यांत व्यवस्थापक समभाग निवडतो) आहे, आणि ते विकून सारे पैसे एकाच इंडेक्स फंडात (जो निर्देशांकातल्याच कंपन्यांत पैसे ठेवतो आणि म्हणून सहसा कमी खर्चाचा असतो) ठेवण्याचा आपला विचार आहे; त्यातील सुमारे चौथा हिस्सा चार वर्षांनी मुलीच्या शिक्षणाला लागेल व उरलेला 18 वर्षांनी निवृत्तीसाठी.

इंडेक्स फंडाकडे वळणे मला योग्य वाटते. सात फंडांचे तपशील शेजारी ठेवून पाहिलेत तर त्याच मोठ्या कंपन्या पुन्हापुन्हा दिसण्याची शक्यता बरीच आहे, आणि खर्चाचा भार मात्र सातही ठिकाणी पडतो. वार्षिक 7 टक्क्यांनी वाढणारी रक्कम 18 वर्षांत 3.38 पट होते. त्या 7 टक्क्यांतला 1 टक्का दरवर्षी खर्चात गेला तर ती 2.85 पटच होते.

परंतु फंड बदलल्याने जोखीम बदलत नाही, कारण आजही सारे पैसे समभागांत आहेत आणि उद्याही तिथेच राहतील. जपानचा निक्केई निर्देशांक 1989 च्या डिसेंबरमधील उच्चांकाच्या वर पुन्हा गेला तो थेट 2024 मध्ये. म्हणून शिक्षणाचा हिस्सा आधी वेगळा काढून अल्प मुदतीच्या, उत्तम पतीच्या रोख्यांत (सरकारला वा भक्कम कंपन्यांना व्याजाने दिलेल्या कर्जात) किंवा मुदत ठेवीत ठेवावा, मग त्यावर परतावा कमी मिळाला तरी चालेल.

उरलेल्या रकमेसाठी 60 टक्के समभाग (देशी व परदेशी, दोन्ही इंडेक्स फंडांतून) आणि 40 टक्के रोखे हे प्रमाण मी सुचवेन. समभाग निम्म्यावर आले आणि रोखे जागचे हलले नाहीत, तर 100 चे 70 होतील. त्या वेळी प्रमाण पूर्ववत करण्यासाठी रोख्यांतले 12 काढून पडलेल्या समभागांत घालावे लागतील. हे आपल्या हातून होईल का, याचे उत्तर प्रामाणिकपणे 'नाही' असेल तर 50:50 घ्यावे. अर्थात रोखे दर वेळी सावरून घेतातच असे नाही. 2022 मध्ये व्याजदर झपाट्याने वाढले तेव्हा अनेक बाजारांत दोन्ही एकदम घसरले होते.

प्रमाण वर्षातून एकदाच तपासावे आणि पाच टक्क्यांहून अधिक ढळले असेल तरच हात लावावा. जुने फंड विकताना निर्गमन शुल्क (ठरावीक मुदतीआधी बाहेर पडल्यास फंड कापून घेतो ते) व भांडवली नफ्यावरील कर आधी पाहावा. शिक्षणाचा हिस्सा वेगळा काढणे मात्र त्यासाठी लांबवू नये.