लक्ष गेलं की लक्ष दिलं?

प्रश्न (खानापूर): शाळेच्या फलकावर मी 'प्लीज नोटिस दॅट द स्कूल विल बी क्लोज्ड ऑन मंडे' असं लिहिलं. सहशिक्षिका म्हणाल्या, 'नोटिस' चूक आहे. 'नोटिस' म्हणजे लक्ष देणंच ना?

उत्तर: बाईंचं बरोबर आहे. तिथे 'प्लीज नोट' हवं. 'नोटिस' म्हणजे लक्ष जाणं, ध्यानात येणं. लक्ष देणं म्हणजे 'पे अटेन्शन'. मराठीत 'लक्ष' तेच राहतं आणि 'देणं'-'जाणं' यांवर अर्थ बदलतो, म्हणून घोळ होतो. त्यात आपल्या भागात कानावर कन्नड असतं, आणि कन्नडचं 'गमनिसु' ही दोन्ही कामं करतं. बेळगाव स्टेशनवर 'प्रयाणिकरे, दयविट्टु गमनिसि' ऐकू येतं. इंग्रजीत त्याच जागी 'मे आय हॅव युवर अटेन्शन, प्लीज' म्हणतात, 'प्लीज नोटिस' नाही.

शंका आली की मराठी वाक्यात 'मुद्दाम' घालून बघा. 'मी मुद्दाम लक्ष दिलं' हे बसतं, म्हणजे तिथे 'नोटिस' नको. 'माझं मुद्दाम लक्ष गेलं' हे कानाला खटकतं. तीच 'नोटिस'ची जागा. लक्ष क्षणात जातं, म्हणून 'आय ॲम नोटिसिंग अ क्रॅक इन द वॉल' असं म्हणत नाहीत. 'आय हॅव नोटिस्ड' म्हणतात. हळूहळू वाढत चाललेली गोष्ट असेल तर मात्र 'वुई आर नोटिसिंग मोर कंप्लेंट्स' चालतं. आज्ञार्थही अगदीच वर्ज्य नाही. समोर दिसणाऱ्या गोष्टीकडे बोट दाखवताना 'नोटिस हाउ द कलर चेंजेस' असं विज्ञानाच्या बाई म्हणू शकतात. सुट्टीच्या सूचनेला ते लागू नाही.

आणखी एक नेहमीची चूक. 'भेगेकडे लक्ष गेलं' यातला 'कडे' इंग्रजीत नेऊ नका. 'नोटिस्ड टु द क्रॅक' नाही, 'नोटिस्ड अबाउट' तर नाहीच; सरळ 'नोटिस्ड द क्रॅक'. 'टु' लागतो तो 'इट केम टु माय नोटिस'मध्ये, आणि नेमका तिथेच आपण 'इन' लिहितो!

माणूस बसमधून पूर्ण उतरलेला पाहिला तर 'आय नोटिस्ड हिम गेट ऑफ द बस'. एक पाय पायरीवर, एक हवेत, अशा वेळी नजर गेली तर 'गेटिंग ऑफ'. 'टु गेट ऑफ' दोन्हीकडे चूक.

प्रश्न (निपाणी): अर्जात 'काइंडली नोटिस मी द डेट' चालेल का?

उत्तर: नाही. त्याचा अर्थ 'तारखेची माझ्याकडे नजर जाऊ द्या' असा काहीतरी होईल. 'काइंडली इन्फॉर्म मी ऑफ द डेट' लिहा. 'नोटिफाय' व्याकरणात बसतं, पण साध्या अर्जाला जड वाटतं. नाम म्हणून वापरताना कागदाची नोटीस 'अ नोटिस', पण पूर्वसूचनेच्या अर्थाने 'अ' गळतो: 'ॲट शॉर्ट नोटिस', 'विदाउट नोटिस'. 'अ मंथ्स नोटिस'मधला 'अ' महिन्याचा आहे, नोटिशीचा नाही.

प्रश्न (बेळगाव): 'नोटिसिंग'मध्ये शेवटचा 'ई' जातो, मग 'नोटिसेबल'मध्ये का राहतो?

उत्तर: 'सी'नंतर 'आय' किंवा 'ई' आला की उच्चार 'स' होतो, 'ए' आला की 'क'. 'ई' काढला तर 'नोटिकेबल' वाचावं लागेल.