वाटाड्या ताई : किलीमांजारोला गर्दी चुकवून जायचंय

प्रश्न : नमस्कार ताई. माझं वय ५४, बायकोचं ५०. दर रविवारी पांडवलेणी चढतो, कळसूबाई नेहमीचंच, गेल्या वर्षी संदकफू केलं. येत्या जानेवारीत किलीमांजारोचा बेत आहे. एजन्सीवाला म्हणतो, मचामे मार्गाने सहा दिवसांत करून देतो, सगळे तिकडूनच जातात. आम्हाला नेमकं तेच नकोय. कळसूबाईच्या शिड्यांपाशी रांगेत उभं राहून पुरे झालं. एक मित्र सांगतो, उंब्वे मार्गाला काळं कुत्रंही फिरकत नाही. तिकडून जावं का?
– सं. दे., नाशिक

उत्तर : मित्र खरं बोलतोय, पण त्याचं ऐकू नका. उंब्वेची वाट ओस असते कारण ती सरळ अंगावर येते. जंगलात झाडांची मुळं धरून चढायचं, आणि दुसऱ्याच दिवशी मुक्काम बरांको कॅम्पला, जवळजवळ ४,००० मीटरवर. शरीराला उंचीची सवय व्हायला फुरसतच मिळत नाही. बरं, एवढं करून बरांकोला पोचलात की समोर मचामे आणि लेमोशोकडून आलेली सगळी जत्रा तंबू ठोकून बसलेली असते. तिथून पुढे तुम्हीही त्याच रांगेत.

या डोंगराचं हेच आहे. दक्षिण आणि पश्चिमेकडच्या वाटा वेगवेगळ्या दरवाजांतून सुरू होतात आणि अर्ध्यात एकमेकींना मिळतात. लेमोशोचंच बघा. पश्चिमेकडून शिरा पठारावर येईपर्यंत सुरेख आणि मोकळी, पण लाव्हा टॉवरच्या आसपास ती मचामेला मिळते, की संपलं. ब्रोशरमध्ये 'निवांत मार्ग' असं छापलेलं असतं ते पहिल्या दोन-तीन दिवसांपुरतं. म्हणून एजन्सीवाल्याला एवढंच विचारा, 'ही वाट दुसऱ्या वाटेला कुठल्या कॅम्पवर मिळते?' त्याला हे पटकन सांगता आलं नाही, तर दुसरी एजन्सी बघा.

तुम्हा दोघांना मी रोंगाई सुचवेन. ही ईशान्येकडून, केनियाच्या हद्दीजवळून चढते. नालेमोरू गेट पायथ्याच्या मोशी शहरापासून गाडीने दोन-तीन तास लांब, म्हणूनही तिकडे कमी लोक जातात. हिंदी महासागरावरून येणारे ओले वारे आग्नेयेकडून डोंगरावर आदळतात, त्यामुळे दक्षिण अंगाला पाऊस आणि चिखल, उत्तर अंग पर्जन्यछायेत. आपल्याकडे घाटमाथा भिजतो आणि सिन्नर कोरडं राहतं, तसंच. जंगलाचा पट्टा इथे अरुंद आहे, लवकर मागे पडतो. खरं सांगायचं तर पहिले दोन दिवस देखावा बेताचाच. मचामेवाले बरांको वॉल या उभ्या कड्याचे फोटो दाखवतील तेव्हा तुमच्याकडे त्या तोडीचं काही नसेल.

तिसऱ्या दिवसापासून मात्र रोंगाई पैसे वसूल करते. किकेलेवा कॅम्पच्या आसपास सेनेसिओ नावाची अजब झाडं दिसतात. माणसाच्या दुप्पट-तिप्पट उंच, बुंध्याला वाळलेल्या पानांचा जाड कोट, डोक्यावर कोबीसारखा हिरवा गड्डा. तो वाळका कोट झाडाला थंडीपासून वाचवतो, म्हणून उपटून बघू नका. बघणारे बघतात, गाईड ओरडतात. तिथून मावेन्झी या डोंगराच्या दुसऱ्या शिखराच्या दिशेने चढत मावेन्झी टार्नला पोचायचं, सुमारे ४,३०० मीटर. बशीएवढं तळं आणि त्याच्या डोक्यावर उभा मावेन्झी, ५,१४९ मीटरचा. सुळके, धारा, घळी, सगळं फाटलेलं. सह्याद्रीत फिरलेल्या माणसाला त्याच्या पायथ्याशी बसून राहावंसं वाटतं. तिथून माथ्यावर जाण्याची वाट ट्रेकरसाठी नाही, तेव्हा तो नुसता बघायचा. दुसऱ्या दिवशी मावेन्झी आणि किबो (किलीमांजारोचा माथा ज्याच्यावर आहे तो मोठा ज्वालामुखी शंकू) यांच्यामधलं उघडं माळरान पार करायचं. झाड नाही, झुडूप नाही, समोर बर्फाची टोपी घातलेला किबो, पायाखाली राखाडी माती. मला सगळ्या किलीमांजारोत हा पट्टा जास्त आवडतो, माथ्यापेक्षाही. मात्र सगळ्यांना तो रुचत नाही, हेही सांगून ठेवते.

आता दिवसांचं. वाट निवडण्याआधी दिवस निवडा. ३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची रोज तीन-चारशे, फार तर पाचशे मीटरने वाढवावी असा दंडक आहे. किलीमांजारोवर तो तंतोतंत कुणी पाळत नाही, पण निदान जवळपास तरी राहा. रोंगाई सहा दिवसांत विकतात तेव्हा सिम्बा कॅम्पहून (सुमारे २,६०० मीटर) दुसऱ्या दिवशी थेट किकेलेवाला (सुमारे ३,६०० मीटर) नेतात. एका दिवसात हजार मीटर! सात दिवसांत सेकंड केव्हला, ३,४५० मीटरवर, मधला मुक्काम घेता येतो. आठवा दिवस परवडत असेल तर मावेन्झी टार्नला दोन रात्री काढा. दिवसा धारेवर दोनशे मीटर वर जाऊन यायचं आणि खाली येऊन झोपायचं. राष्ट्रीय उद्यानाची फी दिवसागणिक असते, म्हणून प्रत्येक वाढीव दिवस महाग पडतो आणि म्हणूनच एजन्सीवाले 'सहा दिवसांत करून देतो' असं फुशारकीने सांगतात. पन्नाशीच्या माणसाने विमानाचं तिकीट काढून आफ्रिकेत जायचं आणि दोन दिवसांच्या फीसाठी माघारी फिरायचं, हा हिशोब मला कधीच कळला नाही.

रजा आणि पैसा दोन्ही हाताशी असेल तर नऊ दिवसांचा नॉर्दर्न सर्किट घ्या. सुरुवात लेमोशोची, पण शिरा पठारानंतर बाकीचे दक्षिणेकडे वळतात आणि तुम्ही मोइर हटवरून किबोला उत्तरेकडून वळसा घालता. बफेलो कॅम्प, थर्ड केव्ह, स्कूल हट. त्या वळशात दिवसभरात आपलेच पोर्टर सोडून कुणी न भेटण्याची शक्यता बरीच, आणि खाली केनियाची मैदानं पसरलेली. उंचीची सवय व्हायला याहून चांगली वाट या डोंगरावर नाही.

माथ्याच्या रात्री मात्र एकांताची अपेक्षा ठेवू नका. रोंगाईवाले किबो हटला, ४,७२० मीटरवर, आग्नेयेकडून मारंगूच्या वाटेने आलेल्यांना मिळतात. मध्यरात्री हेडलॅम्पची माळ लागते. वाट घसाऱ्याची, रात्री घसारा गोठून जरा घट्ट असतो, उन्हं आली की दोन पावलं पुढे आणि एक मागे. विवराच्या कडेला गिलमन्स पॉइंट, ५,६८५ मीटर. तिथून कडेकडेने स्टेला पॉइंटला गेलात की दक्षिणेकडची मंडळीही येऊन मिळतात आणि उहुरू शिखरापर्यंत, ५,८९५ मीटरपर्यंत, सगळी वरात एकत्र. पाटीपाशी फोटोला रांग लागते. गर्दी कमी हवी तर पौर्णिमेची तारीख टाळा, कारण चांदण्यासाठी सगळे त्याच रात्री धरतात. नाताळ ते नव्या वर्षाचा पहिला आठवडाही टाळा. जानेवारीचा शेवटचा पंधरवडा तुम्हाला चालेल. एप्रिल-मे ओस असतात, पण तेव्हा मोठा पाऊस असतो. आपल्या आषाढात कळसूबाईला जातो तशी ती गंमत नाही, वर बर्फ पडतो.

रोंगाईहून उतरताना मारंगूच्या वाटेनेच उतरवतात. तिथे माणसं भेटतील, पण तोवर तुम्हालाच कुणाशी तरी बोलावंसं वाटत असेल.

प्रश्न : तंबूत मला झोप लागत नाही आणि डावा गुडघा कुरकुरतो. मारंगूला लाकडी खोल्या आहेत म्हणे. गर्दी असली तरी तीच वाट धरू का?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : धरा. मंदारा, होरोंबो, किबो, तिन्ही ठिकाणी पलंग आणि गादी मिळते, आणि न झोपलेल्या माणसापेक्षा गर्दीत झोपलेला माणूस वर जास्त पोचतो. पाच दिवसांचा बेत मात्र नाकारा. होरोंबोला, ३,७२० मीटरवर, एक रात्र जास्त घ्या आणि मधल्या दिवशी झेब्रा रॉक्सपर्यंत फिरून या. गुडघ्याला चढ त्रास देणार नाही, उतार देईल. माथ्याच्या दिवशीच उहुरूहून होरोंबोपर्यंत, म्हणजे दोन हजारांहून जास्त मीटर उतरायचं असतं. दोन काठ्या घ्या, एक नव्हे, आणि निघण्याआधी चार महिने जिना चढण्यापेक्षा उतरण्याचा सराव करा. डायमॉक्स (उंचीचा त्रास टाळायची गोळी) घ्यायची की नाही ते डॉक्टरांना विचारा, सल्फाची अॅलर्जी असेल तर आधी सांगा.

प्रश्न : स्वस्तातली एजन्सी आणि महागातली, यात फरक कशाचा असतो?
– पु. जो., ठाणे

उत्तर : बहुतेक वेळा पोर्टरच्या मजुरीचा. परवानाधारक गाईडशिवाय या डोंगरावर कुणालाच सोडत नाहीत आणि उद्यानाची फी सगळ्यांना सारखीच, मग भाव पाडायला उरतं काय? माणसाचा पगार आणि त्याचं जेवण. पोर्टरच्या पाठीवर जास्तीत जास्त २० किलो, असा नियम आहे. गेटवर काटा टांगलेला असतो. तुमचं सामान तोलताना बाजूला उभं राहून बघा, आणि पोर्टरच्या पायात बूट आहेत का तेही बघा. किलीमांजारो पोर्टर्स असिस्टन्स प्रोजेक्ट नावाची संस्था योग्य मजुरी देणाऱ्या कंपन्यांची यादी ठेवते. तुमची कंपनी त्यात आहे का, हे पैसे भरण्याआधी तपासा. आणि सामान बांधताना प्लास्टिकच्या पिशव्या काढून ठेवा, टांझानियात २०१९ पासून बंदी आहे. मेतकूट कापडी पुरचुंडीत न्या. वर भूक मरते तेव्हा स्वयंपाक्याच्या गरम भाताबरोबर तेवढंच घशाखाली उतरतं.