टपरीवरून शाळेच्या गेटपर्यंत

‘ताई, मी तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत शिक्षक आहे. वय ४३. गेली नऊ वर्षं रोज संध्याकाळी पितो. आता सकाळी खडू धरतानाही हात थरथरतो. हेल्पलाइनवर विचारून एएच्या, म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाच्या, मीटिंगचा पत्ता मिळवला. शेजारच्या गावात, एका शाळेच्या वर्गात भरते. दोनदा गेलो. दोन्ही वेळा समोरच्या टपरीवर चहा घेतला, आत जाणारी माणसं पाहिली आणि परत फिरलो. दुसऱ्यांदा येताना वाटेत क्वार्टर घेतली. आत एखादा पालक भेटला तर? शिवाय मी देवधर्म मानत नाही. बायकोला यातलं काहीच माहीत नाही.’

सर,

मीटिंगचं नंतर बोलू. आधी तुमचा सकाळचा हात. रोज पिणाऱ्या माणसाने स्वतःच्या हिमतीवर दारू एकदम तोडली, तर पहिल्या काही दिवसांत फिट येऊ शकते, भास होऊ शकतात, जिवावरही बेतू शकतं. तेव्हा ‘उद्यापासून बंद’ म्हणून घरात कोंडून घेऊ नका. डॉक्टरांकडे जा, शक्य असेल तर मानसोपचारतज्ज्ञांकडे. किती पिता, कधीपासून पिता, ते खरं सांगा. आकडा निम्मा करून सांगू नका. ही थरथर औषधांनी उतरवता येते. चार दिवस दाखल व्हावं लागलं तर व्हा. ते काम मीटिंगचं नव्हे.

आता टपरी. तिथपर्यंत दोनदा जाणं सोपं नव्हतं, हे मला कळतं. पण तिसऱ्यांदाही एकटे गेलात, तर पुन्हा चहा पिऊनच परताल अशी मला भीती वाटते. म्हणून एकटे जाऊ नका. मीटिंगचा पत्ता मिळतो तिथेच तिथल्या एखाद्या सदस्याचा फोनही मागता येतो. त्याला आदल्या दिवशी फोन करा आणि गेटबाहेर भेटायला सांगा. संकोच वाटेल. अनोळखी माणसाला असं कसं बोलवायचं?

सर, एएची सुरुवातच अशा फोनने झाली आहे. १९३५ सालच्या मे महिन्यात बिल नावाचा एक शेअरदलाल अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात हॉटेलात अडकला होता. धंद्याचं काम फसलेलं, दारू सुटून जेमतेम पाच महिने झालेले आणि लॉबीच्या एका टोकाला बार. तो बारकडे न जाता फोनकडे गेला. चर्चना फोन लावत सुटला: मला एखाद्या दारुड्याशी बोलायचंय. त्यातून त्याची गाठ डॉ. बॉब या सर्जनशी पडली. डॉक्टर पंधरा मिनिटांत उठायचं ठरवून आले होते. दोघे काही तास बोलत बसले. पुढच्याच महिन्यात, १० जूनला, डॉक्टरांनी शेवटचा घोट घेतला. तीच तारीख एएचा स्थापना दिवस मानतात. बिलने तो फोन स्वतः वाचण्यासाठी केला होता. तुमचा फोन उचलणाऱ्यालाही तो हवा असतो. तुम्हाला आत नेताना त्याचाही तो दिवस कोरडा जातो.

माझ्या धाकट्या भावाबरोबर मी एका ओपन मीटिंगला गेले होते. घरच्यांना तिथे बसता येतं. क्लोज मीटिंग फक्त पिणाऱ्यांसाठी असते. तीही शाळाच होती. पोरांच्या बाकांवर मोठी माणसं गुडघे आखडून बसली होती. रिक्षावाला, बँकेतले साहेब, एक आजोबा. एकेक जण उठून पहिलं नाव सांगायचा, ‘मी अल्कोहोलिक आहे’ म्हणायचा आणि आपलं सांगायचा. मध्ये कोणी टोकलं नाही, उपदेश केला नाही. भाऊ त्या दिवशी एक शब्द बोलला नाही. चाललं. फी नाही. शेवटी एक पिशवी फिरते, ऐपतीप्रमाणे टाकायचं किंवा पुढे सरकवायचं. दारू सोडण्याची इच्छा, एवढीच अट.

पालक भेटला तर? तो तिथे कशाला आला असेल, सर? कोण दिसलं, काय ऐकलं, ते तिथेच ठेवायचं असा त्यांचा दंडक आहे. माणसं आहेत, एखादा चुकेलही. पण एक सांगते, रागावू नका. तुमच्या पहिल्या बाकावरच्या मुलांना बहुधा वास कळलेला आहे. जे लपवायला तुम्ही टपरीवरून परतता, ते गावात कदाचित उरलेलंच नाही. तरीही धीर होत नसेल तर सुरुवातीला लांबच्या शहरातली मीटिंग गाठा, नाहीतर कॅमेरा बंद ठेवून ऑनलाइन बसा. पुण्यातल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राला फोन केलात तर दाखल होण्याबद्दलही विचारता येईल; १९८६ पासून त्यांचं हेच काम आहे. सरकारची १४४४६ ही हेल्पलाइन मोफत आहे.

प्रार्थना होते, देवाचं नाव येतं. ते तुम्हाला खटकेल. ‘आम्हाला समजलेला ईश्वर’ असे त्यांचे शब्द आहेत आणि त्या जागी काही जण सरळ आपला ग्रुपच धरतात. तेवढ्यासाठी दाराबाहेर राहू नका.

बायकोला काहीच माहीत नाही, यावर माझा विश्वास नाही. नऊ वर्षं ती त्याच घरात आहे. तिला सांगा, आणि डॉक्टरांकडे जाताना बरोबर न्या. तिच्यासाठी अल-अ‍ॅनॉन आहे, पिणाऱ्यांच्या घरच्यांचा गट. तुम्ही प्यायलात न प्यायलात तरी ती तिथे जाऊ शकते.

आणि फोनवर शब्द फुटला नाही तर माझं वाक्य वापरा: ‘मी समोर टपरीवर बसलोय, आत यायला पाय उचलत नाहीये.’ पुढचं त्यांना कळतं.

तुमची,
ताई